पोटातली जळजळ

दिवाळी झाली की मानवतच्या शिवारात कापसाची वेचणी जोर धरते. बाया घोटभर चहा पिऊन भल्या सकाळी रानात जातात. भाकरी सुटते दुपारी. वाकून वाकून पाठ धरते. मग किराणा दुकानातून अंगदुखीची गोळी आणायची आणि उपाशीपोटीच घ्यायची. वर तंबाखूची चिमूट. चार दिवसांनी आंबट ढेकर येतात, छातीत जळजळ होते. आम्ही विचारले तर उत्तर ठरलेले, "काही नाही गुरुजी, पित्त झालंय."

डॉक्टर ज्याला पित्त म्हणतात तो यकृतातला रस. तो वेगळा. ही जळजळ जठरातल्या आम्लाची असते. आम्ल वाईट नाही बरे का, ते अन्न पचवते. जठराला आतून बुळबुळीत अस्तर असते, म्हणून ते भाजत नाही. अन्ननळीला तसे अस्तर नसते. दोहोंच्या मध्ये झडप असते. ती सैल पडली की आम्ल वर चढते. तंबाखूने ती सैल पडते. जेवून लगेच आडवे झाले तरी आम्ल वर येते. म्हणून निजण्याआधी दोन-तीन तास जेवावे. रात्री फार जळत असेल तर खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा घालाव्यात. नुसत्या उशा रचून भागत नाही, त्याने पोट दुमडते.

आता त्या गोळीकडे येऊ. अंगदुखीच्या पुष्कळ गोळ्यांनी जठराचे अस्तर कमजोर होते. मग आत जखम पडते. तिला व्रण म्हणतात, डॉक्टर अल्सर म्हणतात. व्रण तिखटाने आणि काळजीने होतो असे पूर्वी मोठमोठ्या डॉक्टरांनाही वाटे. ऑस्ट्रेलियातले बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन म्हणाले, पुष्कळ व्रणांच्या मुळाशी एक जंतू आहे. कोणी मानेना. तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी ते जंतू स्वतःच पिऊन टाकले! थोड्याच दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. या जंतूवर औषध आहे, पण ते डॉक्टरांनीच द्यायचे. ठेच्याने कोणाला जळत असेल तर त्याने तो कमी करावा. पण सगळा दोष ठेच्यावर घालू नये.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ होते. एका रात्री त्यांची छाती जड झाली, दरदरून घाम आला. घरचे म्हणाले, गॅस झाला असेल. रात्रभर सोडा पाजला. सकाळी ते राहिले नाहीत. तो गॅस नव्हता, हृदयाचा झटका होता. छाती आवळल्यासारखी झाली, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, दम लागला, तर सोडा शोधत बसू नका. १०८ ला फोन लावा. गाडीचे पैसे पडत नाहीत.

आणखी एक खूण सांगायला लोक लाजतात. शौचाला डांबरासारखे काळे झाले तर आत रक्त वाहत असेल असे धरावे. लोहाच्या गोळ्यांनीही काळे होते, हे खरे. पण ते घरी ठरवू नये. रक्ताची उलटी झाली, घास अडकू लागला, वजन आपोआप उतरू लागले, तरी दवाखाना गाठावा. जाताना खाल्लेल्या गोळ्यांची पाकिटे बरोबर न्या. आणि दुकानदाराने सुटी गोळी कागदात बांधून दिली तर घेऊ नका, पाकिटासकट मागा.