किशोरवयातील खेळ आणि रक्तवाहिन्यांचे आरोग्य

हृदयविकार हा उतारवयातील आजार मानला जात असला, तरी त्याची सुरुवात रक्तवाहिन्यांत फार आधी झालेली असते. कोरियाच्या युद्धात मृत्यू पावलेल्या 300 अमेरिकन सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल 1953 साली प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय अवघे 22 वर्षे होते. तरीही दर चार जणांपैकी सुमारे तिघांच्या हृदयधमन्यांत विकृतीची चिन्हे आढळली. म्हणूनच या प्रश्नाचा विचार रुग्णालयाइतकाच शाळेतही व्हावयास हवा.

धमनीच्या आतील बाजूस पेशींचे नाजूक, एकपदरी अस्तर असते. मूल धावू लागले, की रक्तप्रवाहाचा वेग वाढतो व त्याचे घर्षण या अस्तरावर होते. त्यामुळे अस्तरातील पेशी नायट्रिक ऑक्साइड हा वायू निर्माण करतात; धमनीच्या भिंतीतील स्नायू सैल पडतात आणि वाहिनी रुंदावते. या वायूचे कार्य उलगडणाऱ्या फर्चगॉट, इग्नॅरो व मुराद या शास्त्रज्ञांना 1998 चे नोबेल पारितोषिक मिळाले. बैठ्या जीवनाने व लठ्ठपणाने अस्तराची ही क्षमता मंदावते. मात्र ती परत मिळविता येते. ऑस्ट्रेलियात लठ्ठ किशोरांना आठ आठवडे नियमित व्यायाम दिला असता त्यांच्या धमन्यांची रुंदावण्याची क्षमता सडपातळ समवयस्कांच्या बरोबरीस आली, असे 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. व्यायाम बंद पडल्यास हा लाभ ओसरतो, ही यातील गैरसोयीची बाब होय.

आपली मुले तर सडपातळच आहेत, असे पालक म्हणतात. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने 1993 पासून लगतच्या सहा गावांत केलेल्या अभ्यासाने या समाधानाला धक्का दिला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो, म्हणजे इंग्लंडमधील बालकांपेक्षा बरेच कमी होते. परंतु त्यांच्या शरीरातील चरबी त्या प्रमाणात कमी नव्हती. उणीव होती ती मुख्यतः स्नायूंची.

अहमदपूर तालुक्याच्या दृष्टीने प्रश्न वेगळ्याच ठिकाणी अडतो. ‘लातूर पॅटर्न’ने जिल्ह्यास शैक्षणिक लौकिक मिळवून दिला, आणि तो कष्टाने मिळविलेला आहे. परंतु दहावी-बारावीच्या वर्षांत खेळाचा तास जादा वर्गास देणे सर्वांनाच सोपे वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये 5 ते 17 वयोगटासाठी दररोज सरासरी 60 मिनिटांची मध्यम ते जोमदार हालचाल सुचविली आहे. केवळ रविवारच्या क्रिकेटने ती पुरी होत नाही.

यासाठी फार खर्च लागतो असेही नाही. कबड्डीस 13 बाय 10 मीटरची सपाट जागा पुरते. खो-खो, लंगडी यांना साधनांची गरज जवळजवळ नाहीच. गावठाणातील अशी जागा राखणे ग्रामपंचायतीस शक्य आहे. वयात आलेल्या मुलींचे खेळणे बहुधा सर्वांत आधी थांबते. त्यांच्यासाठी वेळ व जागा स्वतंत्रपणे ठरवून द्यावी लागेल. चैत्र-वैशाखात मात्र मैदान सकाळी आठच्या आत मोकळे झालेले बरे.