वळवाचा माग : एका संध्याकाळचा हिशेब

एप्रिल-मे महिन्यांत बेळगावात दुपारी तीनच्या सुमारास पूर्वेला सांबऱ्याच्या अंगाने पांढऱ्या ढगांचे गड्डे चढू लागले, की आमच्या चौघांचे अभ्यासात लक्ष लागत नाही. मृगाचा पाऊस पश्चिमेकडून, जांबोटीच्या डोंगरावरून येतो आणि आला की मुक्काम ठोकतो. वळवाचे तसे नाही. तो बहुधा पूर्वेकडून वा आग्नेयेकडून येतो, तासाभरात सगळे उलथेपालथे करतो आणि चांदणे पडायच्या आत निघून जातो. अमेरिकेत अशा वादळांचा मोटारीतून पाठलाग करणारे हौशी लोक व संशोधक आहेत. आमची मजल दोन मोटारसायकली, एक वही आणि एक घड्याळ एवढीच.

प्रथम या ढगाविषयी थोडे. दिवसभर तापलेल्या जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर जाते. तिच्यात समुद्रावरून आलेली वाफ असते. वर थंडाव्यात त्या वाफेचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते व हवा आणखी जोराने चढते. असा ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच वाढू शकतो. त्याच्या वरच्या भागात बर्फाचे बारीक स्फटिक आणि मऊ गारा एकमेकांवर आदळतात. त्या घासाघाशीत स्फटिक धन भार घेऊन वर जातात, जड गारा ऋण भार घेऊन खाली राहतात. हा साठा हवेला पेलेनासा झाला की वीज. तिच्या मार्गातील हवा क्षणभर सुमारे तीस हजार अंश सेल्सिअस तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या जवळजवळ पाचपट. ती हवा स्फोटासारखी फुगते, तोच गडगडाट.

येथे एक भाषिक टिपणी करावीशी वाटते. आमच्यातील बैलहोंगलचा मित्र घरी कन्नड बोलतो. त्याच्याकडे चमकते ते ‘मिंचु’, गडगडते ते ‘गुडुगु’ आणि अंगावर कोसळते ते ‘सिडिलु’. आपण मराठीत चमकणारीला आणि पडणारीला दोघींनाही ‘वीज’च म्हणतो. हा फरक त्या दिवशी आम्हांला नीट कळला.

२०२४ च्या मे महिन्यातील ती संध्याकाळ. आम्ही येळ्ळूरच्या राजहंसगडावर होतो. आवाज एका सेकंदात साधारण ३४० मीटर जातो, म्हणून चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतच्या सेकंदांना तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. वहीत नोंदी अशा : ५.१० ला ४५ सेकंद, ५.२० ला ३६, ५.३० ला २७. म्हणजे पंधरा, बारा, नऊ किलोमीटर. दहा मिनिटांना तीन किलोमीटर! वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्याने मी लगेच भाकीत मांडले : वादळ बरोबर सहा वाजता गडावर. पावणेसहापर्यंत थांबायला हरकत नाही.

वस्तुतः अंतर तीस सेकंदांच्या आत आले की पक्क्या घरात वा बंद मोटारीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तेथेच राहावे, हा नियम आम्हांला ठाऊक होता. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप एकाच्या फोनवर इशारा देत होते. पण हातात आकडे असले, की माणूस नियमापेक्षा आकड्यांवर जास्त विश्वास ठेवतो.

५.४० ला सहा सेकंद मोजले. दोन किलोमीटर!

माझी चूक गणितात नव्हती, गृहीतात होती. मी वादळाला रस्त्याने चालत येणारी बस समजलो. प्रत्यक्षात ढगातून पावसाबरोबर थंड, जड हवा खाली कोसळते आणि जमिनीवरून चहूकडे पसरते. ती पुढची उष्ण हवा पाचरीसारखी वर उचलते, आणि तेथे नवा ढग उभा राहतो. जुना ढग नऊ किलोमीटरवरच होता. वीज पडत होती ती आमच्या डोक्यावर वाढलेल्या नव्या ढगातून. अंगावर आलेला तो गार वारा आम्ही हात पसरून घेतला होता, तोच त्याचा निरोप होता. अमेरिकेत टिम सॅमारस हे जाणते संशोधक ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातील एल रेनो येथे मुलासह व एका सहकाऱ्यासह मरण पावले. तेथील चक्रीवादळाने अचानक दिशा आणि वेग बदलला होता.

आम्ही गड उतरलो तो टपोऱ्या थेंबांत. पुढे गारा लागल्या तेव्हा रस्त्याकडेच्या चिंचेखाली थांबलो. ही दुसरी चूक. समोरच्या घरातून एक म्हातारे शेतकरी ओरडले, “पोरांनो, झाडाबुडी कशाला उभारलायसा? आत या की!”

आत गेल्यावर त्यांनी सांगितले, की त्याच चिंचेखाली बांधलेली त्यांची म्हैस दोन वर्षांपूर्वी गेली. झाडाला फारसे काही झाले नव्हते. त्याचे कारण मी नंतर वाचले. झाडावर पडलेली वीज मुळांतून जमिनीत पसरते, आणि जवळच्या जमिनीवर पावलापावलाला विद्युतदाब बदलतो. जनावराचे पुढचे व मागचे पाय लांब असतात, त्यामुळे प्रवाह एका पायातून चढून छातीतून दुसऱ्या पायाने उतरतो. माणसाचेही पाय फाकलेले असले तर धोका आहेच. २०२२ साली भारतात विजेने २,८८७ माणसे दगावल्याची राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी आहे. आम्ही चौघे त्या चिंचेखाली तीन-चार मिनिटे होतो.

शेवटचा गडगडाट ६.३५ ला. यावेळी मात्र आम्ही ७.०५ पर्यंत हललो नाही. चहा झाला. बाहेर आलो तेव्हा अंगणात झडलेल्या कैऱ्यांचा खच होता. आजोबा तिकडे न पाहता बांधावर गेले, मातीत बोट खुपसून म्हणाले, “ओल चांगली गेलीय. उद्या कुळव धरतो.”