गणित की जीवशास्त्र? एका संशोधकाचे उत्तर



दहावीनंतर गणित घ्यावे की जीवशास्त्र, हा प्रश्न प्रत्येक पालकसभेत निघतो. गणित म्हणजे इंजिनिअर, जीवशास्त्र म्हणजे डॉक्टर, असा हिशेब घरोघरी आधीच ठरलेला असतो. या अंकात आम्ही अशा एका संशोधकाची ओळख करून देत आहोत, ज्यांचे सारे काम या दोन वाटांच्या मधोमध झाले.

अमेरिकेतील स्कॉट डेल्प हे शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर. १९९० मध्ये त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातून पीएच.डी. मिळवली. अभ्यासाचा विषय मात्र माणसाचा पाय! हाडे, सांधे आणि ४३ स्नायू-कंडरा असलेली पायाची प्रतिकृती त्यांनी सहकाऱ्यांसह संगणकावर तयार केली. शस्त्रक्रियेने एखाद्या स्नायूची जागा किंवा लांबी बदलली तर सांध्याच्या ताकदीवर काय परिणाम होईल, हे तिच्यावर आधीच पाहता येते. या शास्त्राला बायोमेकॅनिक्स म्हणतात.

याचा उपयोग काय, ते एका उदाहरणाने पाहू. जन्माच्या आसपास मेंदूला इजा झाल्याने सेरेब्रल पाल्सी होते. अशी काही मुले गुडघे वाकलेले ठेवूनच चालतात. मांडीमागचा स्नायू आखूड असेल, म्हणून गुडघा सरळ होत नसेल, असे कोणालाही वाटेल. त्यासाठी शस्त्रक्रिया करून तो स्नायू लांब करतात. डेल्प व सहकाऱ्यांनी अशा मुलांच्या चालण्याची मोजमापे प्रतिकृतीत घातली. १९९६ च्या त्या अभ्यासात बऱ्याच मुलांचा हा स्नायू चालताना आखूड नव्हताच, असे दिसले.

असे कसे? घरी करून पाहा. खुर्चीला टेकून बसा, एक पाय समोर सरळ करा. आता पाय तसाच ठेवून कमरेतून पुढे वाका. मांडीमागे ताण वाढेल. गुडघा तर हलला नाही! हा स्नायू बैठकीच्या हाडापासून निघून गुडघ्याच्या खाली जोडलेला असतो, म्हणजे खुबा आणि गुडघा असे दोन सांधे ओलांडतो. गुडघा वाकला की तो सैल पडतो, खुबा वाकला की ताणतो. त्या मुलांचे दोन्ही सांधे वाकलेले असतात, त्यामुळे स्नायूची एकूण लांबी नेहमीइतकी राहू शकते. असा स्नायू विनाकारण लांब केला तर तो दुबळा होण्याचीच भीती. मुलाच्या जन्मभराच्या चालण्याचा हा प्रश्न, आणि त्याच्या मुळाशी आहे आपल्या वर्गातली भूमिती.

२००७ मध्ये डेल्प यांच्या गटाने ‘ओपनसिम’ हे सॉफ्टवेअर सर्वांसाठी मोफत खुले केले. ते साध्या संगणकावरही चालते. पुढे त्याच विद्यापीठातून ‘ओपनकॅप’ आले. त्यात दोन स्मार्टफोनच्या चित्रणावरून हालचालींचे मोजमाप होते.

पालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ही वाट लांब आहे. पदवीनंतर एम.टेक., पीएच.डी. अशी वर्षे जातात, तोवर धीर हवा. आपल्याकडे मुंबईच्या आय.आय.टी.त जैवअभियांत्रिकीचा विभाग आहे, तेव्हा परदेशी जाणे अनिवार्य नाही. ज्यांना ओढ आहे त्यांनी गणित आणि भौतिकी सोडू नये, जमल्यास जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून घ्यावा आणि प्रोग्रॅमिंग आतापासून शिकावे. अतिरिक्त विषयाचे नियम मंडळागणिक वेगळे असतात, म्हणून अकरावीचा फॉर्म भरण्याआधी वर्गशिक्षकांना अवश्य भेटावे.