चाकांना रंग देण्याआधी

जुनी एमजी घेणारा माणूस इंजिनाबद्दल चार जाणकारांना विचारतो, तळाच्या गंजाबद्दल तर भेटेल त्याला विचारतो आणि चाकांचा रंग मात्र एकटाच ठरवून मोकळा होतो. रंग म्हणजे आवडीची बाब, त्यात सल्ला कसला घ्यायचा! साध्या पत्र्याच्या चाकांपुरतं हे ठीक आहे. स्पोकच्या चाकांना रंग निवडताना मात्र तो काय झाकून ठेवणार आहे, हे आधी बघावं लागतं.

माझी एमजीबी 1967 सालची, ब्रिटिश रेसिंग ग्रीन रंगाची, इंग्लंडातच घेतलेली. आधीच्या मालकाने तिच्या चाकांना चकचकीत काळं पावडर कोटिंग करून घेतलं होतं आणि त्याचा त्याला भारी अभिमान. खोटं कशाला बोलू, हिरव्या गाडीला ती चाकं झोकात दिसत होती. गाडी घरी आली आणि थोड्याच दिवसांत रिव्हर्स घेतला की मागून ‘टक्’ असा आवाज येऊ लागला. पुन्हा पुढे निघालं की पुन्हा ‘टक्’.

गाडी जॅकवर चढवली, बायकोला ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि मागचं चाक दोन्ही हातांनी पुढेमागे ढकललं. ब्रेक दाबलेला असताना चाक तसूभरही फिरता कामा नये. हे फिरत होतं.

या चाकांना चार-पाच बोल्ट नसतात. हबवर बारीक दाते असतात, चाकाच्या पोटातही तसेच दाते. चाक त्यांवर सरकवायचं आणि मधोमध एकच मोठा नट तांब्याच्या तोंडाच्या हातोड्याने ठोकून आवळायचा. नट आणि चाक जिथे टेकतात तो भाग उतरता असतो आणि तिथे धातूला धातूच भिडायला हवा. कोटिंग करणाऱ्याने तो भाग झाकलाच नव्हता. नटाच्या दाबाने तिथला जाड थर चुरडत गेला, त्याचा भुगा झाला आणि जेवढा थर गेला तेवढा नट सैल पडला. चाक दात्यांवर डुलत राहिलं आणि दाते झिजून टोकदार झाले. असे दाते पुरते झिजले की इंजिन हब फिरवतं आणि चाक जागच्या जागी राहतं. ब्रेक मारला तरी तीच गत.

चाक खाली उतरवल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. आतल्या बाजूला, स्पोक आवळायच्या एका निपलपाशी काळ्या थराला केसाएवढी चीर होती. नखाने उचलली तर पापुद्रा अलगद सुटून आला आणि खालून तांबूस पाणी ओघळलं. स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने एकेक स्पोक वाजवत गेलो. आवळलेला स्पोक ‘टिंग’ वाजतो, सैल झालेला बद्द वाजतो. त्या चाकात बद्द वाजणारे बरेच निघाले. वरून कीर्तन, आतून तमाशा.

पावडर कोटिंगची मुळात अडचण अशी की ते भट्टीत, दोनशे अंशांच्या आसपास तापवून पक्कं केलं जातं आणि स्पोक, निपल, रिम सगळं एका सालीत बंद होतं. खिडकीच्या ग्रिलला हे उत्तम, कारण ग्रिलचा आऊट कुणी काढत नाही. स्पोकच्या चाकाचा आऊट अधूनमधून काढावाच लागतो. निपल फिरवला की साल तडकते, तडकलेल्या जागी पाणी शिरतं आणि थराखाली गंज निवांत पसरतो. काळ्या रंगात तर तडा गेलेला निपलही दिसत नाही. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरच्या, फारसे बदल न केलेल्या गाड्यांना 2018 पासून वार्षिक तपासणीची सक्ती नाही. म्हणजे तुमची चाकं वर्षातून एकदा तिऱ्हाईत माणूस बघेल, याचीही खात्री नाही. स्वतःहून तपासणी करून घेता येते, मी घेतो.

मग क्रोम? ई-टाइप जग्वारवर ते जादा पैसे देऊन मिळत असे आणि तिथे शोभतंही. पण मुलाम्याआधी पोलाद आम्लात बुडवतात, त्या खटाटोपात हायड्रोजन आत शिरतो आणि ताणाखालचा स्पोक ठिसूळ होऊन पुढे कधीतरी तुटतो. मुलाम्यानंतर लगेच भट्टीत तापवून तो हायड्रोजन घालवावा लागतो. स्वस्तातला कारागीर नेमकं तेच गाळतो. म्हणून क्रोमचं चाक घेताना स्पोक स्टेनलेसचे आहेत का, एवढं तरी विचारून घ्या. जुन्या चाकाला पुन्हा क्रोम करायचं तर ते पूर्ण सुटं करावं लागतं, त्यापेक्षा नवं घेतलेलं बरं. शिवाय इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि मुंबईच्या हवेतच मीठ आहे. डिकीतलं पाचवं चाक धरून साठ-साठचे तीनशे स्पोक टूथब्रशने घासायची हौस असेल, तर खुशाल घ्या.

गाडीच्याच रंगाची चाकं दुसऱ्या महायुद्धाआधीच्या गाड्यांना छान दिसतात. एमजीबीला मला ती नाटकी वाटतात, आणि खडी उडून गेलेला प्रत्येक टवका दुरून दिसतो.

राहिला चंदेरी. ॲबिंग्डनच्या कारखान्यातून बहुतेक एमजीबींची स्पोकची चाकं याच रंगात बाहेर पडली आणि मला तरी त्याहून शहाणा रंग सापडलेला नाही. ब्रेकची धूळ त्यावर पटकन डोळ्यांत भरत नाही, पण गंजाचा ओघळ लगेच दिसतो. आपल्याला नेमकं हेच हवं. टवका उडाला तर ब्रशने तेवढाच भरता येतो. हिरव्या गाडीला तो उठाव देतो, टार्टन रेडला जरा शांत करतो, ओल्ड इंग्लिश व्हाइटच्या मलईसारख्या पांढऱ्यावर तर क्रोमपेक्षा उजवा दिसतो. फक्त छटा जपून निवडा. हल्लीच्या अलॉय चाकांचा चमचमणारा मेटॅलिक रंग इथे उपरा वाटतो. जुन्या ॲल्युमिनियमच्या पातेल्याचा असतो तसा मंद, किंचित करडा रंग मागा. चकाकी हवीच असेल तर मधल्या नटाचं क्रोम पुरेसं आहे, मग तो दोन पाकळ्यांचा असो की अष्टकोनी. (अमेरिकेने 1968 पासून बाहेर आलेल्या पाकळ्यांवर बंदी घातली, म्हणून तिकडून परत आलेल्या गाड्यांवर अष्टकोनी नट जास्त दिसतात.) आणि मागचा ब्रेक ड्रम काळा रंगवून घ्या. स्पोकच्या जाळीतून गंजका ड्रम दिसत असेल तर चाकाच्या कुठल्याच रंगाला अर्थ नाही.

काम देताना क्रम सोडू नका. आधी दाते तपासा. ते गेले असतील तर हबही बघावे लागतील आणि त्या चाकावर रंगाचा पैसा घालू नका. मग स्पोक आवळून आऊट काढून घ्या, त्यानंतरच रंग. दाते आणि टेकणारे उतरते भाग झाकूनच रंग मारायचा, हे कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं. चाक परत आल्यावर रिमच्या आतून बोट फिरवा. स्पोकचं टोक वर आलेलं लागलं तर कानशीने घासून सपाट करा आणि रबरी पट्टी नवी टाका, नाहीतर ट्यूब पंक्चर झालीच म्हणून समजा. दात्यांना ग्रीस लावा, नट ठोका, घराभोवती एक चक्कर मारून या आणि नट पुन्हा एकदा ठोकून बघा. बहुधा थोडा आणखी फिरतो.