बरणीतली पावडर

भंडारा,
कोजागरी पौर्णिमा

चि. निखिल यास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

परवा मेघनाचा फोन आला होता. मामीशी गप्पा मारता मारता ती सहज बोलून गेली, की तू हल्ली रायफलची काडतुसं घरीच भरतोस आणि कुणा वारलेल्या म्हाताऱ्याच्या सामानातून बरणीभर पावडर स्वस्तात आणली आहेस. बरणीवर पेनानं नुसतं ‘४८३१’ लिहिलंय म्हणे. मामी हसली. माझी मात्र झोप उडाली. ताईच्या कानावर अजून घातलेलं नाही. भाऊजी गेल्यापासून तिचं बीपी कसं असतं, तुला ठाऊक आहे.

अरे, जवाहरनगरच्या फॅक्टरीत मामाचा जन्म गेला तो हेच प्रोपेलंट करण्यात. त्याला एक फोन करावासा वाटला नाही? ४८३१ नावाच्या पावडरी दोन आहेत, एक एच आणि दुसरी आयएमआर. आयएमआर अधिक वेगानं जळते. एचचा कमाल चार्ज आयएमआरनं भरलास, तर प्रेशर मर्यादा ओलांडू शकतं. तुझ्या थर्टी-ऑट-सिक्सची मर्यादा ६०,००० पीएसआय, आणि बोल्टच्या मागे तुझा डोळा. शिवाय म्हाताऱ्यानं त्याच बरणीत आणखी कुठली उरलीसुरली ओतली नसेल कशावरून?

बघून ओळखेन म्हणशील, तर ते आम्हालाही जमायचं नाही. या सगळ्यांचं मूळ नायट्रोसेल्युलोज आणि वर ग्रॅफाइटचा तोच काळपट मुलामा. जळण्याचा वेग ठरतो दाण्याच्या आकारमानावर, त्यातल्या छिद्रावर आणि आच मंदावण्यासाठी चढवलेल्या रसायनावर. तुराट्या भडकन पेटून जातात, बाभळीचा ओंडका धगधगत राहतो, तसंच हे. म्हणून तर आम्ही प्रत्येक लॉट क्लोज्ड व्हेसलमध्ये जाळून पाहायचो. त्या बरणीतली कुणी जाळून पाहिली आहे?

नवी पावडर घेशील तेव्हा लक्षात ठेव, काडतुसाच्या मोठ्या केसला आणि जड बुलेटला सावकाश जळणारी पावडर लागते. त्यातही केस जवळजवळ भरून टाकणारी निवड. चुकून दोनदा पडली तर ओसंडून वाहील आणि तुला कळेल. पिस्तुलाची जलद पावडर तळाशी चिमूटभर बसते. ती दुप्पट पडली तरी पत्ता लागत नाही. पावडर बनवणाऱ्यांचं चालू मॅन्युअल उघड, तुझ्याच बुलेटच्या वजनाचं पान काढ आणि तिथल्या सुरुवातीच्या चार्जपासून थोडं थोडं वर जा. मित्राच्या रायफलला मानवलेला चार्ज तुझ्या रायफलला मानवेलच असं नाही. बोल्ट उचलायला जड जाऊ लागला, प्रायमर चपटा दिसला, की तिथंच थांब. टेबलावर एका वेळी एकच डबा ठेव आणि उरलेली पावडर उठण्याआधी त्याच डब्यात परत घाल.

फार बोललो. वाईट वाटून घेऊ नकोस. बंदूकच सोड असं मी म्हणणार नाही. कॉलेजात एनसीसीच्या रायफल शूटिंगसाठी माझी निवड झाली होती. आमच्या अण्णांनी नको म्हटलं, कारण सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, नुसता धुमसत राहिलो. पुढे पोटासाठी दारूच बनवत राहिलो, पण त्यांच्याशी त्या गोष्टीवर कधी बोलणं झालं नाही. मेघनाच्या फोननंतर पडल्या पडल्या वाटलं, त्या रात्री अण्णाही असेच जागे असतील. हे मला तेव्हा कळायला हवं होतं, किंवा त्यांनी सांगायला हवं होतं. म्हणून मी तुला कारणासकट लिहितो आहे.

ती बरणी मात्र घरात ठेवू नकोस. मोरीत ओतू नको. गवतावर अगदी पातळ विखरून टाक, नायट्रोजन असतो त्यात. नव्या सीलबंद डब्याचे पैसे मी पाठवतो. हसू नकोस, पेन्शन पुरून उरते मला.

मॅन्युअलच्या पानाचा फोटो पाठव, आपण दोघं मिळून वाचू. चार्ज मोजताना फोन करू नकोस, लक्ष विचलित होतं. मोजून झाल्यावर कर. तिकडची तुझी रात्र म्हणजे इथली माझी सकाळ, मी उठलेलाच असतो. आणि रेंजवरून आलास की निशाण कसं लागलं ते सगळं सविस्तर सांग, घाई करू नकोस. दारू उभ्या जन्मात मणामणानं पाहिली, पण रायफल चालवताना कसं वाटतं ते मला आता तुझ्याकडूनच कळायचं आहे.

तुझा,
मामा