पहिला तंबोरा घेताना

संगीत शिकण्याची इच्छा मनात उत्पन्न झाली, की लगोलग वाद्याचा प्रश्न पुढे येतो. कोणते वाद्य घ्यावे, ते कोठून घ्यावे आणि घेताना काय पाहावे, ह्याची माहिती नवशिक्यास नसते आणि बहुधा त्याच्या पालकांसही नसते. आपल्या बेळगाव-निपाणी भागात कित्येक कुटुंबे तंबाखूच्या अगर उसाच्या पैशांतून शिल्लक टाकून मुलांची हौस पुरवितात. अशा वेळी निवड चुकली, तर केवळ पैसा वाया जातो असे नाही. न जुळणाऱ्या वाद्याशी झगडता झगडता मुलाची गोडीच आटते, आणि दोष मात्र त्याच्या गळ्यास दिला जातो. म्हणून गायन शिकणाऱ्याने आपला पहिला तंबोरा कसा निवडावा, ह्याचा येथे थोडा विचार करू.

ह्या बाबतीत आपला प्रदेश भाग्यवान आहे. रामकृष्णबुवा वझे ह्यांच्यासारख्या थोर गायकांचे वास्तव्य बेळगावास होते. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली बेळगावजवळील सुळेभावी येथे झाला. तंतुवाद्यांचे माहेरघर जे मिरज, तेही आपल्यापासून दूर नाही. बेळगावाहून घटप्रभा, रायबाग, कुडचीवरून जाणारी आगगाडी थेट मिरजेस पोहोचते. निपाणीकरांस इचलकरंजीमार्गे जाता येते. मिरजेची ही कला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उदयास आली. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांचा धंदा इंग्रजी अमलात मंदावला, तेव्हा त्यांपैकी फरीदसाहेब आदी कारागिरांनी आपले कसबी हात वाद्यांकडे वळविले. पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे गायक मिरजेत राहू लागले आणि कारागिराच्या कामाची पारख करणारे कानही त्यास जवळच लाभले. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

परंतु मिरजेस जाण्यापूर्वी एक काम घरीच करावयाचे असते. ते म्हणजे आपला स्वर ओळखणे. तंबोरा सर्वांना सारखाच चालत नाही. पुरुषांचा तंबोरा मोठ्या भोपळ्याचा व लांब दांडीचा असतो, आणि स्त्रियांचा त्याहून लहान. पुरुषांचा षड्ज बहुधा पेटीच्या पांढरी एक ते काळी दोन ह्या पट्ट्यांत असतो, तर स्त्रियांचा काळी तीन ते काळी पाचपर्यंत. मोठा तंबोरा उंच स्वरात चढविला, तर तारा तुटतात व तबलीवर ताण येतो. लहान तंबोरा खाली उतरविला, तर तारा सैल पडून आवाज मंद होतो. तथापि हा नियम गळ्याचा आहे, स्त्री-पुरुषाचा नव्हे. गंगूबाई हनगल ह्यांचा आवाज तरुणपणी बारीक होता. पुढे घशाच्या उपचारानंतर तो भारदस्त झाला आणि त्यांचा षड्जही खाली आला. मंद्र पंचमापासून तार मध्यमापर्यंत ज्या पट्टीत गळा न ताणता फिरतो, तीच आपली पट्टी होय. ती गुरुजींकडून निश्चित करून घ्यावी.

येथे मुलांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. साधारणतः वयाच्या १२ ते १५ वर्षांच्या सुमारास मुलाचा आवाज फुटतो आणि सुमारे एक सप्तक खाली उतरतो. सातवीतील मुलासाठी हौसेने घेतलेला तंबोरा तो मॅट्रिकच्या वर्गात पोहोचेपर्यंत निरुपयोगी ठरण्याचा संभव असतो. म्हणून आवाज स्थिर होईपर्यंत मुलांनी वाद्य विकत घेण्याची घाई करू नये. तोवर गुरुजींच्या तंबोऱ्यावर किंवा इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावर रियाज करावा. बंगळूरचे जी. राज नारायण ह्यांनी १९७९ साली हे विजेवर चालणारे यंत्र तयार केले. आता भ्रमणध्वनीवरही तशी सोय आहे. त्यात कमीपणा काहीच नाही. मात्र यंत्र स्वर तयार देते. तो लावावयास शिकवीत नाही. तारा स्वतः जुळविता जुळविता कानास जी दृष्टी येते, ती खऱ्या तंबोऱ्यावाचून येत नाही.

आता प्रत्यक्ष खरेदीकडे वळू. तंबोऱ्याचा भोपळा हा भाजीचा भोपळा नसून जाड सालीचा कडू भोपळा असतो. सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूस, भीमेच्या काठी तो पिकतो. भोपळ्यावर सर्व बाजूंनी बोटाने हलकेच टिचकी मारून पाहावी. कोठे बद्द आवाज आला, तर तेथे तडा किंवा बुजविलेले भोक असण्याचा संशय घ्यावा. किडीची बारीक छिद्रेही पाहावीत. मग दांडीच्या टोकाशी एक डोळा मिटून तिच्या सरळपणाची खात्री करून घ्यावी. वाकलेली दांडी व तडकलेला भोपळा हे दोष कायमचे समजावेत. अशा वाद्यास कितीही स्वस्त मिळाले, तरी हात लावू नये.

खुंट्या फिरवून पाहाव्यात. त्या हळू वळाव्यात आणि सोडल्या जागी घट्ट राहाव्यात. किंचित निसटत असतील, तर खडू लावून काम भागते. ह्यानंतर जवारी पाहावी. तबलीवरील ज्या घोडीवरून तारा जातात, तिचा पृष्ठभाग सपाट नसून अगदी सूक्ष्म उताराचा असतो. तार आणि घोडी ह्यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवून योग्य जागी आणला, की एका तारेतून अनेक स्वरांचा झंकार उमटतो. तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूशी स्थिर राहणारे उपस्वर उठू नयेत, असा जुना शास्त्रीय नियम आहे. तंबोरा हा नियम पाळीत नाही आणि ह्याचे कारण ही घोडीच होय, असे चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी १९२१ साली दाखविले. चारही तारांचा झंकार सारखा व दीर्घ असावा. परंतु जवारीत उणीव आढळली, तर निराश होऊ नये. कुशल कारागीर ती पुन्हा काढून देतो.

शेवटची परीक्षा कानाची. पहिली तार मंद्र पंचमात, मधल्या दोन षड्जात आणि चौथी खर्जात लावून घ्यावी. मग डोळे मिटून ऐकावे. तारा खऱ्या जुळल्या असतील, तर कोणत्याही तारेवर न लावलेला गंधार आपोआप ऐकू येतो. तो पेटीच्या गंधाराहून किंचित उतरलेला असतो. म्हणून पेटीवरून केवळ षड्ज घ्यावा, बाकीचे काम कानावर सोपवावे. नक्षीकाम, पाने-फुले व झळाळी ह्यांनी किंमत वाढते, स्वर वाढत नाही. पहिल्या तंबोऱ्यास साधा साज पुरे.

ज्यांना गिटार शिकावयाची आहे, त्यांनाही हीच दृष्टी उपयोगी पडेल. गिटार आपल्या हाताच्या व शरीराच्या मापाची असावी. मान सरळ असावी. तारा पडद्यांपासून फार उंच असतील, तर नवशिक्याची बोटे दुखावतात. नायलॉनच्या तारा त्या मानाने बोटांस सुसह्य असतात. बाराव्या पडद्यावर दाबलेला स्वर मोकळ्या तारेच्या स्वराच्या बरोबर वरच्या सप्तकातला आला पाहिजे. तो तसा न आला, तर ते वाद्य कितीही जुळविले, तरी बेसूरच राहणार.

वाद्य घेतल्यावर गवसणी अवश्य घ्यावी. प्रवासात तारा सैल कराव्यात आणि ऊन व ओल ह्यांपासून भोपळ्यास जपावे. सोबत गुरुजी किंवा जाणता गायक असल्यास फारच उत्तम. कारागिरास मात्र आपली पट्टी आधी सांगावी आणि मगच वाद्य दाखविण्यास सांगावे. ज्याला आपला षड्ज ठाऊक आहे, त्याची दुकानात सहसा फसगत होत नाही.