भर समुद्रात फ्रीझर चालतो कसा?

प्रश्न : शिडाच्या नौकेतून महिनोन्‌महिने समुद्रपर्यटन करणारी कुटुंबे व्हिडिओंमध्ये दिसतात. आमच्या बंदरातल्या मासेमारी नौका बर्फ भरून निघतात, पण या छोट्या नौकांत चक्क फ्रीझर असतो. त्याला वीज कुठून मिळते? घरचाच फ्रीझर का ठेवत नाहीत?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : वीज येते मुख्यतः सौर पॅनेलमधून, काही नौकांवर पवनचक्कीतून आणि ढगाळ दिवसांत इंजिनाच्या अल्टरनेटरमधून. ती बॅटरीत साठते. कॅनरी बेटांवरून कॅरिबियन बेटांकडे जाणारी नौका सुमारे २७०० सागरी मैल कापते. त्याला साधारण तीन आठवडे लागतात आणि वाटेत कुठेही प्लग नसतो. रात्री ऊन नसते, पण फ्रीझरसोबत ऑटोपायलट आणि दिवेही चालूच असतात. म्हणून प्रत्येक अँपिअरचा हिशेब ठेवावा लागतो.

घरचा फ्रीझर २३० व्होल्टवर चालतो. बॅटरीच्या १२ व्होल्टवर तो चालवायचा तर मध्ये इन्व्हर्टर लागतो आणि तोही वीज खातो. शिवाय घरगुती फ्रीझर सपाट जमिनीसाठी बनवलेला असतो, तर शिडाची नौका तासन्‌तास एका कुशीवर कललेली असते. म्हणून बहुतेक नौकांवर थेट १२ किंवा २४ व्होल्टवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर बसवतात. डॅनफॉसचे बीडी-३५ आणि बीडी-५० हे या कामातले प्रसिद्ध कॉम्प्रेसर. आता ते सेकॉप या नावाने मिळतात.

पण निवड कॉम्प्रेसरपासून सुरू करू नये, पेटीपासून करावी. केबिनमध्ये ३२ अंश सेल्सिअस असेल आणि फ्रीझर उणे १८ वर ठेवायचा असेल, तर फरक ५० अंशांचा होतो. ४ अंशांवरच्या फ्रिजसाठी तो २८ अंशच असतो. पेटीच्या भिंतींतून आत शिरणारी उष्णता या फरकाच्या प्रमाणात वाढते. म्हणूनच फ्रिजला १० सेंटिमीटर जाडीचा पफ (उष्णतारोधक फोमचे अस्तर) पुरत असेल, तर फ्रीझरला १५ सेंटिमीटर हवा. जाडीमुळे आतली जागा कमी होते, पण ती तडजोड करावीच. झाकण वरच्या बाजूला असावे. थंड हवा जड असल्याने विहिरीतल्या पाण्यासारखी तळाशी राहते. पुढचे दार उघडले की ती बाहेर सांडते. कंडेन्सरला मोकळी हवा मिळणेही तितकेच महत्त्वाचे. बंद कपाटात कोंडलेला कॉम्प्रेसर स्वतःच्याच उष्णतेशी झगडत बसतो.

आता विजेचा हिशेब. कॉम्प्रेसर ५ अँपिअर घेतो आणि उष्ण कटिबंधात निम्मा वेळ चालतो असे धरले, तर दिवसाला ६० अँपिअर-तास, म्हणजे सुमारे ७२० वॉट-तास लागतात. पाच तासांच्या चांगल्या उन्हात २०० वॉटचे पॅनेल कागदावर १००० वॉट-तास देते. पण शिडाची आणि डोलकाठीची सावली, तापलेले पॅनेल आणि आडवी मांडणी यांमुळे हाती त्याच्या साठ-सत्तर टक्केच येतात. त्यामुळे एकट्या फ्रीझरसाठी ३०० वॉटचे पॅनेल धरणे शहाणपणाचे. दोन ढगाळ दिवसांसाठी १२० अँपिअर-तासांचा साठा लागतो. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी करू नये, म्हणून ती २४० अँपिअर-तासांची घ्यावी. लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत वापरता येते, तेव्हा १५० अँपिअर-तासांची पुरते. जोडणीची तार जाड हवी. बारीक तारेत व्होल्टेज पडते आणि कॉम्प्रेसर सुरूच होत नाही.

वापरतानाही काळजी घ्यावी. एक किलो पाणी ३० अंशांवरून गोठवून उणे १८ पर्यंत न्यायला सुमारे १४० वॉट-तासांइतकी उष्णता काढावी लागते. म्हणून मासे-मटण किनाऱ्यावरच गोठवून नौकेवर चढवावे, पेटी भरलेली ठेवावी आणि आत साचलेला हिमाचा थर वेळोवेळी काढावा.

तुम्हाला कधी नौकेवर फ्रीझर बसवायचा झाला, तर पैसे आधी जाड अस्तरावर खर्च करा, मग पॅनेलवर आणि शेवटी बॅटरीवर. पातळ भिंतींच्या फ्रीझरला कितीही पॅनेल लावली तरी ती अपुरीच पडतात.